युद्धाचा पैसा, भीतीचा कायदा आणि गिरणगाव

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींकडून दोन वाक्यं मी वारंवार ऐकतो. एक, "युद्धं शेवटी पैशासाठीच होतात." दुसरं, "दहशतवादाची भीती सरकारांना सोयीचीच असते." चहाच्या टपरीवर ही वाक्यं झकास चालतात, प्रबंधात मात्र अडकतात. ती खोटीच असतात असं माझं म्हणणं नाही. अडचण पुराव्याची आहे. बहुतेक वेळा त्यांच्यामागे एवढाच पुरावा असतो की अमक्याला फायदा झाला, म्हणजे अमक्यानेच ते घडवून आणलं.

आपल्याकडे याला जुनं नाव आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं. तिथे पहिल्या वर्षापासून हे डोक्यात भरवतात की दोन गोष्टी सोबत घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण ठरत नाही. इतिहासात प्रयोग पुन्हा करता येत नाही, हे खरंच. पण तुलना करता येते. जिथे फायदा होता पण हेतू असणं शक्यच नव्हतं, अशी घटना शोधायची आणि तिच्याशेजारी बाकीच्या घटना ठेवायच्या.

आज हेच करून बघू. सगळी उदाहरणं मुंबईची घेतो. गिरगाव चौपाटीपासून परळ-लालबागपर्यंतच्या टापूत ती सापडतात.

१८६५ : फायदा प्रचंड, हात शून्य

अमेरिकेतलं यादवी युद्ध एप्रिल १८६१मध्ये सुरू झालं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला. मग सगळ्यांच्या नजरा मुंबईकडे वळल्या. इथल्या कापसाचे भाव इतके चढले की लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला, असं त्या काळाबद्दल सांगतात. या चारपाच वर्षांत मुंबईला नेहमीपेक्षा सुमारे ८ कोटी १० लाख पौंड जास्तीचे मिळाले, हा आकडा त्या काळावरच्या जवळजवळ प्रत्येक पुस्तकात भेटतो.

हा पैसा गेला कुठे? बँका निघाल्या, फायनान्शियल कंपन्या निघाल्या आणि समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. गिरगावासमोरचा बॅकबे भरून काढायला निघालेल्या कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर जवळपास ५०,००० रुपये अधिमूल्याने विकला जात होता. प्रेमचंद रायचंद हे नाव या सगळ्याच्या केंद्रस्थानी होतं. फोर्टमधला राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला.

९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आला. ही बातमी मुंबईत पोहोचली आणि कापूस कोसळला. १ जुलै १८६५ हा वायद्यांचे व्यवहार मिटवायचा दिवस होता. त्या दिवशी शहरातली मोठमोठी घराणी दिवाळखोरीत गेली. बँक ऑफ बॉम्बेही पुढे टिकली नाही.

आता विचार करा. युद्ध लांबावं अशी ज्यांची मनोमन इच्छा असेल असे हजारो लोक या शहरात होते. शांतता झाली तोच त्यांचा सर्वनाशाचा दिवस ठरला. तरीही ते युद्ध सुरू करण्यात किंवा चालू ठेवण्यात मुंबईचा काडीचाही हात नव्हता. प्रयोगशाळेच्या भाषेत हा आपला कंट्रोल. यावरून एवढं पक्कं होतं की फायदा कितीही मोठा असला तरी त्यावरून हेतू काढता येत नाही. पुढची उदाहरणं वाचताना ही पट्टी हाताशी ठेवा.

१९१७ : इथे खरोखर सौदा झाला

पहिल्या महायुद्धात परिस्थिती वेगळी होती. तोवर परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा धुराड्यांनी भरला होता. लँकेशायरचं कापड येणं कमी झालं आणि देशी गिरण्यांना बाजार मोकळा मिळाला. १९१७मध्ये सरकारने इंडियन म्युनिशन्स बोर्ड स्थापन केलं. त्याचे अध्यक्ष होते भूवैज्ञानिक सर थॉमस हॉलंड. सैन्याच्या गणवेशापासून तंबूंपर्यंत लागणारं सामान देशातूनच उचलायचं, हे धोरण झालं.

पण संशोधकाने लक्ष द्यावं ते त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाकडे. हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला युद्धखर्चासाठी १० कोटी पौंड द्यायचं मान्य केलं. म्हणजे त्या वेळचे १५० कोटी रुपये. या रकमेवरचं व्याज भागवायला उत्पन्न हवं होतं, म्हणून आयात कापडावरची जकात साडेतीन टक्क्यांवरून साडेसात टक्के केली. देशी कापडावरचा अबकारी कर मात्र साडेतीन टक्क्यांवरच ठेवला.

या बदलाचं वजन कळायला थोडं मागे जावं लागेल. १८९६पासून दोन्ही कर मुद्दाम समान ठेवलेले होते, म्हणजे लँकेशायरच्या मालाला इथल्या मालापुढे अडचण नको. वीस वर्षं इथले पुढारी आणि गिरणीमालक याविरुद्ध ओरडत होते आणि कुणी ऐकत नव्हतं. युद्धाला पैसा हवा झाल्याबरोबर चार टक्क्यांची फट पडली. लँकेशायरने लंडनमध्ये आरडाओरडा केला, पण भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन मागे हटले नाहीत. कारण हिशोब सरळ होता.

इथे "आर्थिक हेतू" हा शब्द वापरायला हरकत नाही. देवाणघेवाण सरकारी अंदाजपत्रकातच लिहिलेली आहे. फक्त हेतू कशाचा, ते नीट लिहा. युद्ध सुरू का झालं याचं हे उत्तर नाही. युद्धाचा खर्च कुणी, कशाच्या बदल्यात उचलला याचं हे उत्तर आहे. परीक्षेतल्या बऱ्याच उत्तरांत हे दोन प्रश्न एकमेकांत कालवलेले दिसतात.

आणि हा खर्च शेवटी कुणाच्या ताटातून गेला? युद्धाच्या शेवटी आणि नंतर मुंबईत जगण्याचा खर्च १९१४च्या मानाने जवळजवळ दुप्पट झाला. गिरण्यांनी महागाईपोटी दिलेली वाढ १९१८मध्ये १५ टक्के होती. जानेवारी १९१९मध्ये लाखाहून जास्त कामगारांनी काम बंद केलं, तेव्हा कुठे ती ३५ टक्क्यांवर गेली. गिरणगावातल्या सार्वत्रिक संपांची परंपरा इथून सुरू होते.

१९१९ : युद्ध संपलं, कायदा राहिला

आता पैशाकडून भीतीकडे येऊ. युद्ध चालू असताना, मार्च १९१५मध्ये, सरकारने डिफेन्स ऑफ इंडिया अ‍ॅक्ट केला. खास न्यायाधिकरणं, अपील नाही, खटल्याशिवाय स्थानबद्धता. मुदत होती युद्धभर आणि पुढे सहा महिने.

मुदत संपण्याआधीच, डिसेंबर १९१७मध्ये, न्यायमूर्ती सिडनी रौलट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश बेसिल स्कॉट हेही तिच्यात होते. समितीचा अहवाल सुरू होतो तोच मुंबई इलाख्यापासून. चापेकर बंधू, २२ जून १८९७, पुण्यातला रँडचा खून. पुढे १९०९चा नाशिकच्या जॅक्सनचा खून येतो. तारखा बघा. मुंबई इलाख्यातली ही ठळक प्रकरणं युद्धाच्या बरीच आधीची आहेत. बंगाल आणि पंजाबमध्ये मात्र युद्धकाळातही कट आणि खून झाले होते, हे त्याच अहवालात आहे. ते वगळून लिहिणं अप्रामाणिकपणा होईल.

मार्च १९१९मध्ये रौलट कायदा मंजूर झाला. सगळे निवडून आलेले हिंदी सभासद विरोधात होते, तरी झाला. आणि त्याच १९१९ साली आणखी एक कायदा आला, ज्याची फारशी आठवण कुणी काढत नाही. युद्धात झालेल्या जादा नफ्यावर कर बसवणारा एक्सेस प्रॉफिट्स ड्यूटी अ‍ॅक्ट. म्हणजे युद्धात कुणीतरी नेहमीपेक्षा जास्त कमावलं, हे सरकारनेच कायद्याने मान्य केलं होतं. तो कर एका वर्षापुरता होता. रौलट कायदा तीन वर्षांसाठी होता. हे दोन कायदे शेजारी ठेवून वाचा. त्यावर एक अख्खा शोधनिबंध होऊ शकतो.

६ एप्रिल १९१९ रोजी सकाळी गिरगाव चौपाटीवर हजारो लोक जमले. समुद्रस्नान, उपास, मिरवणूक. संध्याकाळी गांधीजी आणि सरोजिनी नायडू यांनी बंदी घातलेली पुस्तकं उघडपणे विकली. बरोबर सात दिवसांनी अमृतसरला जालियनवाला बाग घडलं.

गंमत म्हणजे रौलट कायदा प्रत्यक्षात कधीच वापरला गेला नाही आणि १९२२मध्ये रद्द झाला. यावरून काय निष्कर्ष काढाल? "धोका नव्हताच, म्हणून वापरला नाही" असं म्हणता येईल. पण पंजाबात एप्रिलमध्येच लष्करी कायदा लागू झाला होता आणि त्यापुढे रौलटची गरजच उरली नव्हती, असंही म्हणता येईल. एकाच निरीक्षणाची दोन स्पष्टीकरणं निघत असतील, तर दोन्ही लिहायची. आवडतं ते निवडायचं नाही.

१९२९ : संप परळचा, खटला मेरठचा

शेवटचं उदाहरण सर्वांत भरीव आहे, म्हणून इथे जरा थांबू.

१९२०च्या दशकात गिरण्यांचे दिवस फिरले. चीनचा सुताचा बाजार गेला, जपानी कापड येऊ लागलं, आणि १९२७मध्ये सरकारने रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स असा पक्का केला. त्याने आयात माल स्वस्त झाला आणि गिरणीमालक सरकारवर चिडले. खर्च कमी करायचा मार्ग त्यांनी कामगारावरून काढला. दोन माग चालवणाऱ्याने तीन चालवायचे, माणसं कमी करायची.

२६ एप्रिल १९२८ रोजी सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर राहिले. संपातच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावट्याची युनियन, स्थापन झाली. नोंदणीच्या वेळी तिचे सभासद होते ३२४. डिसेंबरपर्यंत झाले ५४,०००. अध्यक्ष अर्जुन आळवे स्वतः गिरणीत काम केलेले, सरचिटणीस श्रीपाद अमृत डांगे. एवढी मोठी कामगार संघटना देशाने याआधी क्वचितच पाहिली असेल.

आता तारखा ओळीने मांडतो. कागद-पेन घ्या.

सप्टेंबर १९२८ : संप चालू असतानाच दिल्लीच्या विधिमंडळात पब्लिक सेफ्टी बिल मांडलं जातं. परदेशी कम्युनिस्टांना देशाबाहेर घालवण्याचा अधिकार सरकारला हवा असतो. मतं समसमान पडतात आणि अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल आपलं मत विरोधात टाकतात. बिल पडतं.

जानेवारी १९२९ : बिल पुन्हा येतं. जोडीला ट्रेड डिस्प्यूट्स बिल चालूच असतं. स्वतःच्या धंद्यातल्या तंट्यापलीकडे जाऊन सरकारवर दबाव आणणारा संप त्याने बेकायदा ठरणार असतो.

२० मार्च १९२९ : देशभर धरपकड. एकूण ३१ जण. मुंबईतून डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, घाटे, अधिकारी, झाबवाला, आळवे, कासले आणि इंग्रज कार्यकर्ते बेन ब्रॅडली. आरोप, सम्राटाचं सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट.

८ एप्रिल १९२९ : ट्रेड डिस्प्यूट्स बिल मंजूर होतं. त्याच दिवशी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त सभागृहात बॉम्ब टाकतात. त्यांच्या पत्रकात या दोन्ही बिलांचा उल्लेख असतो.

११ एप्रिल : खटला न्यायप्रविष्ट असताना त्याच विषयावरच्या बिलाची चर्चा होऊ शकत नाही, असा निर्णय विठ्ठलभाई देतात.

१३ एप्रिल : व्हाइसरॉय आयर्विन तोच मजकूर वटहुकूम म्हणून काढतात.

"बॉम्ब पडला म्हणून सरकारला कडक व्हावं लागलं" असं कुणी म्हणालं, तर तारखाच उत्तर देतात. धरपकड बॉम्बच्या १९ दिवस आधीची आहे. लाहोरचा साँडर्सचा खून १७ डिसेंबर १९२८चा, आणि बिल सप्टेंबरचं. कारण परिणामाच्या नंतर येऊ शकत नाही.

दुसरा प्रश्न, खटला मेरठला का? आरोपींपैकी बहुतेक मुंबई-कलकत्त्याचे. सरकारचं उघड उत्तर होतं की मेरठलाही त्यांच्या पक्षाची शाखा होती. गृहखात्याच्या आतल्या पत्रव्यवहारात मात्र वेगळी चिंता दिसते. मुंबई किंवा कलकत्त्यात आरोपी ज्यूरी मागू शकले असते आणि ज्यूरीपुढे खटला टिकेल याची सरकारला खात्री नव्हती. मेरठला ज्यूरी नव्हती. हा कागद निर्णयाच्या आधीचा आहे, आठवणी म्हणून नंतर लिहिलेला नाही. हेतूचा पुरावा म्हणतात तो असा.

आरोपपत्रात एकही स्फोट नव्हता, एकही खून नव्हता. निकाल लागला जानेवारी १९३३मध्ये. डांग्यांना १२ वर्षं झाली. त्याच वर्षी अलाहाबाद हायकोर्टाने ती ३ वर्षांवर आणली, काहींना पूर्ण सोडलं. पण तोवर जवळजवळ चार वर्षं हे लोक गिरणगावाबाहेर होते. १९२९चा दुसरा सार्वत्रिक संप त्यांच्याशिवाय लढला गेला आणि हरला. नव्या ट्रेड डिस्प्यूट्स कायद्याखाली नेमलेल्या पिअर्सन चौकशी मंडळाने दोष युनियनवर ठेवला.

मग हे सरकार आणि गिरणीमालकांचं संगनमत होतं का? इथे हात आवरा. रुपयाच्या दरावरून दोघं एकमेकांवर नाराज होते, हे वर पाहिलंच. मालकांना स्वस्त आणि गप्प कामगार हवा होता. सरकारला कॉमिन्टर्नची भीती होती आणि ती निव्वळ बनाव नव्हती. ब्रॅडली आणि स्प्रॅट हे ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षाकडूनच आले होते. दोघांची गरज एका जागी जुळली, एवढं ठामपणे म्हणता येतं. हितसंबंध जुळणं वेगळं आणि संगनमत वेगळं. संगनमत लिहायचं तर दोघांच्या बैठकीचा, पत्राचा, पैशाचा कागद दाखवा.

मग हेतू तपासायचा कसा?

वरच्या उदाहरणांतून मला चार प्रश्न मिळाले. ते मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत.

१. तारीख. जे कारण सांगितलं जातंय, ते कृतीच्या आधी घडलं का?

२. वापर. कायदा ज्याच्या नावाने केला, त्याच्यावरच वापरला गेला, की दुसऱ्याच कुणावर?

३. आधीचा कागद. निर्णयापूर्वी आतल्या लोकांनी एकमेकांना काय लिहिलं? नंतरची भाषणं आणि आत्मचरित्रं दुय्यम.

४. तुलना. तेवढाच फायदा झालेला, पण हात नसलेला कुणी आहे का? म्हणजे तुमचं १८६५ कुठे आहे?

हे तपासायला फार लांब जावं लागत नाही. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार आहे. तिथे गृहखात्याच्या 'स्पेशल' शाखेच्या फायली मागा. १९२१पासूनचं 'लेबर गॅझेट' महिन्याच्या महिन्याला भाव, मजुरी आणि संप यांचे आकडे देतं. गिरणीमालक संघाचे वार्षिक अहवाल मालकांची बाजू सांगतात. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात त्या काळची मराठी नियतकालिकं चाळता येतात. सरकार, मालक आणि कामगार, तिघांचे कागद वाचल्याशिवाय लिहायला बसू नका.

धोका खरा असतो तेव्हा

एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय सोडता येणार नाही. "साप साप म्हणून भुई धोपटणं" ही म्हण १९२९ला चपखल बसते. पण साप कधीच नसतो असं मुंबईत राहणाऱ्याने म्हणू नये. १२ मार्च १९९३ रोजी दादरच्या प्लाझा सिनेमात बॉम्ब फुटला. ११ जुलै २००६ला लोकलचे डबे फाटले. १३ जुलै २०११ला झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादरचा कबुतरखाना. या घटनांत गेलेली माणसं आपल्याच चाळींतली, आपल्याच गाडीतली होती. त्यांच्या घरच्यांसमोर "भीती हा सगळा सत्तेचा खेळ आहे" असं म्हणणारा अभ्यासक अभ्यास करत नसतो.

धोका खरा होता का, आणि त्या धोक्याच्या नावाने जे केलं ते कुणाविरुद्ध केलं, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर "हो" असलं तरी दुसरा विचारावाच लागतो, आणि दुसऱ्यात काळंबेरं सापडलं म्हणून पहिला खोटा ठरत नाही. दोन्ही वेगवेगळे सोडवायचे, वेगवेगळ्या पुराव्यांवर.

सरावासाठी एक काम देतो. १९८५चा टाडा घ्या. तो कुठल्या घटनांनंतर आला, कुठे लागू झाला, १९९५मध्ये तो संपेपर्यंत कुणाकुणावर लावला गेला, आणि मुंबईच्या १९९३च्या खटल्यात त्याचं काय झालं, हे वरच्या चार प्रश्नांखाली चार रकाने करून भरा. जो रकाना रिकामा राहील, तिथून तुमचा संशोधन प्रस्ताव सुरू होतो. मार्गदर्शकाकडे जाताना तो कागद सोबत न्या. "युद्धं पैशासाठीच होतात" हे वाक्य घरी ठेवलंत तरी चालेल.